वेतोबाच्या वहाणा आणि मापाचा प्रश्न

पादत्राणांविषयी भारतीय धर्मविचाराने जे काही लिहिले, त्यातला मोठा भाग ती कोठे काढावीत याविषयी आहे. ती कशी असावीत, कोणाच्या पायाला कशी बसावीत आणि न बसणारा जोडा घालणाऱ्याला काय भोगावे लागते, याविषयी त्या मानाने फार थोडे लिहिले गेले. ही विषमता ग्रंथांपुरतीच नाही, ती रोजच्या आचारातही उतरली आहे. कुडाळ तालुक्यातील वालावल येथे, तळ्याच्या काठी उभ्या असलेल्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात जाणारा भाविक पायरीपाशी जे उतरवून ठेवतो, ते नीट शिवलेले चामडी बूट आहेत की रबरी सपाता, हे कोणी पाहत नाही. त्यांनी टाच सोलवटली आहे की नाही, हे तर मुळीच नाही. प्रश्न एवढाच असतो की पाय उघडे झाले का. पादत्राणाचा धर्माशी असलेला संबंध मुळात पावित्र्याचा आहे, की पायाच्या वेदनेचा आणि म्हणून मापाचा, हा या विवेचनाचा विषय आहे. आणि परंपरेचे स्वतःचेच अधिक जाणते स्वर दुसऱ्या बाजूने बोलतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

पावित्र्याची बाजू आधी तपासली पाहिजे. धर्मशास्त्रात शौच या संज्ञेखाली शरीर, द्रव्य आणि स्थळ यांच्या शुद्धतेचे नियम येतात, आणि मेलेल्या जनावराचे कातडे हे त्या दृष्टीने अशुद्ध द्रव्य आहे, असे साधारणपणे समजले जाते. परंतु कोकणातल्या कोणत्याही देवळाच्या सभामंडपात भजनाला जो पखवाज वाजतो, त्याच्या दोन्ही तोंडांवर कातडेच असते आणि ते ताणून धरणारी वादीही चामड्याचीच असते. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतार उभा राहतो, तेव्हा त्याचा सारा तोल मृदंगावर असतो. मुंजीत बटूला मृगाजिन, म्हणजे हरणाचे कातडे, धारण करावयास सांगितले आहे. तेव्हा चामडे हे द्रव्य म्हणून वर्ज्य आहे, असे म्हणता येत नाही. पायाला लागलेली धूळ हे कारण मानावे, तर ती अनवाणी पायालाही लागते, आणि पाय धुण्याची सोय प्रत्येक देवळात असते. उरते ते तिसरे कारण, आणि ते द्रव्याचे नसून माणसांचे आहे: स्मृतींनी अंत्यजांची जी यादी दिली, तिच्यात परटापाठोपाठ चर्मकाराचे नाव येते, आणि वस्तूचा विटाळ व ती करणाऱ्याचा विटाळ एकमेकांना पोसत राहिले. मृदंगाचे कातडे वाद्य झाल्यावर आपला उगम विसरू शकले. जोडा पायात राहिला, आणि पाय हे शरीराचे सर्वात खालचे अंग ठरलेले असल्याने, त्याच्याबरोबर जोडा शिवणाराही खालीच राहिला.

या व्यवस्थेला छेद देणारे सर्वात ठळक उदाहरण वालावलीच्याच जिल्ह्यात आहे. वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याजवळ आरवली येथे श्री देव वेतोबाचे देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळ, भूतगणांचा अधिपती मानला गेलेला आणि कोकणात व गोव्यात गावाचा राखणदार म्हणून पूजला जाणारा देव. आरवलीची मूर्ती सुमारे नऊ फूट उंच, उभी आणि मनुष्याकृती आहे. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची असे, आता पंचधातूची आहे. या देवाला नवस फेडताना केळीचा घड आणि चामड्याच्या वहाणा वाहतात. वहाणा मूर्तीच्या पायाला साजतील अशा, म्हणजे माणसाच्या पायाला कधीच न येणाऱ्या मापाच्या, मुद्दाम करून घेतलेल्या असतात आणि त्या देवासमोर मांडल्या जातात. श्रद्धा अशी की वेतोबा रात्री गावाभोवती फिरून राखण करतो, आणि म्हणून त्या वहाणांचे तळ झिजतात.

ही श्रद्धा खरी की खोटी हे तपासण्याचे येथे प्रयोजन नाही. तिची घडण मात्र फार विचारपूर्वक पाहण्यासारखी आहे. एक तर, जे द्रव्य पायरीबाहेर ठेवावयाचे तेच येथे थेट देवापुढे जाते, आणि त्यासाठी कोणत्याही शुद्धीकरणाच्या युक्तिवादाची गरज कोणाला भासत नाही. दुसरे असे की इतर उपचारांत देवाने वस्तू स्वीकारली, हे भक्ताने मानावयाचे असते: नैवेद्य दाखवला जातो, त्यातले काही कमी होत नाही, आणि तोच प्रसाद होऊन परत येतो. वहाणेच्या बाबतीत स्वीकार म्हणजे वापर, आणि वापर म्हणजे झीज. ज्या देवाचे जोडे झिजतात तो देव कष्ट करणारा आहे. त्याच्या देवपणाचा पुरावा त्याच्या तळव्याखाली आहे. आणि तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची: चालणाऱ्याला त्याच्या पायाचा जोडा लागतो, ही साधी मानवी गरज भक्तांनी देवालाही लागू केली. तबकात ठेवण्यासाठी लहानशा चांदीच्या पादुका करणे सोपे होते, आणि अन्यत्र तसे केलेही जाते. आरवलीने देवाच्या पायाच्या मापाचा आग्रह धरला. ज्या जातीला शतकानुशतके देवळांच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हते, तिच्याच कारागिरीतून देवाच्या पायाचे माप साकार होत आले, ही गोष्ट कोकणच्या धार्मिक इतिहासात जितकी ठळकपणे सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

देवाच्या पायालाही जोडा लागतो, या कल्पनेला महाभारताच्या अनुशासनपर्वातील एका कथेचा आधार सापडतो, आणि ती कोकणाला परकी नाही, कारण ती परशुरामाच्या आईवडिलांची आहे. छत्र आणि उपानह, म्हणजे छत्री आणि जोडे, यांचे दान श्राद्धादी कर्मांत का करतात, असे युधिष्ठिर भीष्माला विचारतो. उत्तरादाखल भीष्म सांगतो की जमदग्नी बाण सोडण्याचा खेळ करीत असता रेणुका ते बाण वेचून आणीत होती. ज्येष्ठाच्या दुपारी तिचे डोके आणि पाय पोळले, ती झाडाच्या सावलीत क्षणभर थांबली आणि तिला उशीर झाला. उशिराचे कारण कळल्यावर जमदग्नीने सूर्यावरच बाण रोखला. सूर्य ब्राह्मणाचे रूप घेऊन शरण आला आणि त्याने डोक्यासाठी छत्र व पायांसाठी चामड्याच्या पादुका दिल्या. कथेतला पुरुषी राग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट राहतेच: पादत्राण पृथ्वीवर आले ते एका स्त्रीचे पाय भाजले म्हणून. त्यात शुद्धीचा विचार नाही, प्रतिष्ठेचाही नाही. आजही उत्तरकार्यात मृताच्या नावाने जोडे आणि छत्री दान देण्याची रीत महाराष्ट्रात आहे, आणि तिचा आधार हाच की गेलेल्या जीवाला तापलेल्या वाटेवरून चालावे लागते. मृत्यूनंतरच्या प्रवासातही पायाला पाय मानणारी ही कल्पना, जिवंत माणसाच्या पायाविषयीच्या उदासीनतेशेजारी ठेवून पाहिली, की परंपरेच्या दोन प्रवाहांतले अंतर लक्षात येते.

पादत्राणांचा सर्वात सविस्तर धार्मिक विचार मात्र बौद्ध विनयात आहे. विनय म्हणजे भिक्षूंच्या आचरणाचे नियम. त्यातील महावग्ग या ग्रंथाचा एक संपूर्ण खंधक, म्हणजे प्रकरण, चामड्याविषयी आहे. सोण कोळिवीस नावाचा अत्यंत सुखात वाढलेला श्रेष्ठिपुत्र भिक्षू झाला, आणि चंक्रमण, म्हणजे ध्यानपूर्वक येरझारा, करता करता त्याच्या कोवळ्या तळव्यांतून इतके रक्त आले की चालण्याची जागा माखून गेली. बुद्धाने त्याला अधिक सोसण्याचा उपदेश केला नाही. वीणेच्या तारा फार ताणल्या वा फार सैल सोडल्या तर ती वाजत नाही, हे त्याला समजावले आणि एकेरी तळाचा जोडा वापरण्याची मुभा दिली. सोण म्हणाला की ही सवलत आपल्या एकट्यासाठी नको. तेव्हा ती सर्व संघाला मिळाली. त्यानंतरचे नियम वाचताना त्या काळच्या बाजारातले जोडे डोळ्यांसमोर उभे राहतात: रंगीत, कापूस भरलेले, मेंढ्याच्या शिंगासारखी टोके असलेले, मोरपिसांनी शिवलेले. हे सर्व निषिद्ध ठरले, कारण ते पायासाठी नव्हते, पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी होते.

पुढे याच प्रकरणात दुसरा एक सोण, कुटिकण्ण नावाचा, अवंती-दक्षिणापथातून बुद्धाकडे येतो आणि आपल्या उपाध्यायाची विनंती सांगतो की तिकडची जमीन काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, म्हणून तेथे अनेक पदरी तळाचे जोडे चालावेत. बुद्ध सीमावर्ती प्रदेशांसाठी तशी अनुज्ञा देतो. नियम एकच, पण भूमी निराळी म्हणून त्याचे माप निराळे, ही भूमिका दक्षिणेकडच्या मातीतून उठलेल्या विनंतीमुळे धर्मग्रंथात लिहिली गेली, हे मराठी वाचकाला विशेष आपुलकीचे वाटावे. जांभ्या दगडाच्या आणि मुसळधार पावसाच्या कोकणात तर याची प्रचीती दरवर्षी येते: देशावर वर्षानुवर्षे टिकणारा चामडी जोडा येथे आषाढात एका आठवड्यात बुरशीने पांढरा होतो, आणि शहाणा माणूस तो पुसून, कोरडा करून, गणपतीपर्यंत बाजूला ठेवतो.

मापाचा विचार येथवर आला की कारागिरीत शिरावेच लागते, कारण माप ही कल्पना तेथेच खरी होते. चामड्याचा चांगला बूट निवडणे याचा अर्थ आपल्या पायाविषयी खरे बोलणे. दोन्ही पाय सहसा सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरावे लागते. दिवसभरात पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावेत. माप बसून घेतल्यास फसवते, कारण शरीराचा भार पडला की चवडा पसरतो. अंगठ्यापुढे साधारण बोटभर जागा असावी, टाच उचलताना ती बुटातून निसटू नये, आणि चवड्याचा सर्वात रुंद भाग बुटाच्या सर्वात रुंद भागात पडावा. हे शेवटचे चुकले, तर लांबी कितीही बरोबर असली तरी बूट चुकीचाच. चामडे रुंदीत थोडे सैलावते, लांबीत नाही, म्हणून पुढे टोचणारा बूट वापरून वापरून बरा होईल, ही आशा व्यर्थ आहे. आणि एकदा सैलावल्यावर ते त्या एकाच पायाचा आकार घेते. दुसऱ्याने वापरलेले जोडे घालू नयेत, असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे. तो नियम शौचाचा म्हणून वाचला जातो, पण जोडा हा झिजत झिजत एकाच माणसाचा होत जातो, हे सत्य त्याच्या तळाशी आहे, असे मानण्यास जागा आहे.

बहुतेक माणसे मात्र आपल्या पायाचे माप सांगत नाहीत, कारखान्याने दिलेला आकडा सांगतात. भारतात चालणारी इंग्रजी मापे एकेका आकड्याला इंचाच्या एक तृतीयांशाने वाढतात आणि मुख्यतः लांबी मोजतात. रुंदी आणि चवड्याची उंची त्यांत हरवते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय रुंदीला अधिक आढळला, आणि त्यावरून ‘भ’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. परक्या साच्यात पाय कोंबून कुरूप आणि घट्टे सोसणाऱ्या पिढ्यांनी त्या वेदनेचा दोष आपल्याच पायाला दिला. धर्मातही हेच घडते. धर्मशास्त्रातील अधिकार या संकल्पनेचा, म्हणजे कोणत्या साधनेला कोण पात्र आहे या विचाराचा, उपयोग बहुधा माणसाला साधनेबाहेर ठेवण्यासाठी झाला. तिचा मूळ उपयुक्त भाग, साधना साधकाच्या ताकदीला बेतावी हा, मागे पडला.

यावर संन्यासमार्गाचा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. पायाच्या सुखाची इतकी चौकशी म्हणजे देहाचे लाड, असे तो म्हणेल. दिगंबर जैन मुनी अनवाणीच विहार करतात, आणि पंढरीच्या वाटेवरचे कितीतरी वारकरी जोडे घालत नाहीत. आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतिदेव यांनी बोधिचर्यावतारात हाच आक्षेप एका अंगाने मांडला आहे: सारी पृथ्वी मढवण्याइतके चामडे कोठून आणणार, पण जोड्याच्या तळापुरते चामडे असले की सारी पृथ्वी मढल्यासारखीच होते, तसे जग सुधारण्याऐवजी मन आवरावे. परंतु हा दृष्टांत नीट वाचला तर तो जोड्याच्या विरोधात जात नाही. मन आवरण्याचे महत्त्व शांतिदेव ज्या गोष्टीने पटवतात, ती पायाला नेमका बसलेला जोडाच आहे. तो चावत असता तर दृष्टांत उभाच राहिला नसता. वारकऱ्याचे अनवाणी चालणे हे त्याने स्वतः घेतलेले व्रत आहे. घेतलेली वेदना आणि लादलेली वेदना यांत धर्माने फरक केलाच पाहिजे, आणि त्या फरकाची सर्वात कठोर परीक्षा याच देशात झाली.

कारण येथे कित्येक गावांत अस्पृश्य मानलेल्या माणसाला सवर्णांच्या वस्तीतून जाताना जोडे हातात घ्यावे लागत. जोडे शिवणाराच जोडे घालू शकत नव्हता. म्हणून आंबेडकरी चळवळीच्या काळात पायात नीट बसलेले, चकचकीत काळे बूट आले, तेव्हा त्यांना ऐट म्हणून हिणवणाऱ्यांना त्यांतला अर्थ कळला नाही. विनयाने मोरपिसांचे जोडे नाकारले ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी होते म्हणून; हे बूटही पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीच होते, पण त्या डोळ्यांनी आजवर ज्या पायांना उघडे राहायला लावले होते, त्यांच्यासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पोशाखातील नेटकेपणाकडे त्यांच्या अनुयायांनी याच दृष्टीने पाहिले. येथे शोभा आणि गरज वेगळ्या काढता येत नाहीत, आणि विनयाचा नियम या ठिकाणी अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे.

मराठी मुलुखाच्या सीमेवरची आणखी एक कथा या प्रश्नाला वेगळे वळण देते. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, हरळय्या नावाचा चर्मकार शरण होता. शरण म्हणजे बसवेश्वरांच्या अनुभव मंडपातला भक्त. बसवेश्वरांनी त्याच्या नमस्काराला अधिक नम्रपणे प्रतिनमस्कार केला, त्याचे ऋण फेडण्यासाठी हरळय्या आणि त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्याच मांडीचे कातडे काढून त्यांच्यासाठी जोडे केले, आणि बसवेश्वरांनी ते पायात घालण्यास आपण योग्य नाही असे म्हणून मस्तकी धरले, असे परंपरा सांगते. पुढे हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण शरण मधुवरस याची मुलगी यांचा विवाह झाला, आणि त्याबद्दल बिज्जळ राजाने दोघांच्या पित्यांना मृत्युदंड दिला. या कथेतील जोडे कोणीच घालत नाही. आरवलीच्या वहाणा झिजतात म्हणून पवित्र. कल्याणचे जोडे झिजूच शकत नाहीत म्हणून. भक्तीच्या दृष्टीने दुसरी कथा अधिक उंच असेल, पण कारागिराच्या दृष्टीने पहिलीच अधिक न्यायाची आहे, कारण तिच्यात त्याला स्वतःचे कातडे द्यावे लागत नाही, केवळ कसब द्यावे लागते.

कातडे कोणाचे, हा प्रश्न मात्र उरतोच. महावग्गाच्या त्याच प्रकरणात एक भिक्षू सुंदर ठिपक्यांच्या वासराच्या कातड्यावर लुब्ध होतो, त्याचा उपासक ते वासरू मारून कातडे त्याला देतो, आणि गाय हंबरत भिक्षूच्या मागे चालू लागते. बुद्ध गोचर्म वर्ज्य ठरवतो. वर्ध्याजवळ नालवाडी येथे १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी चालवलेल्या चर्मालयाने याच प्रश्नाला कृतीने उत्तर शोधले: नैसर्गिक मृत्यूने मेलेल्या जनावरांचेच कातडे घेऊन ते कमावणे आणि त्याच्या वहाणा करणे, म्हणजे गांधींच्या कल्पनेतले अहिंसक चामडे. त्या प्रयोगाने कातडे कमावणाऱ्याचे काम सेवेच्या व शास्त्राच्या पातळीवर आणले, हे त्याचे मोठेपण. पण अशा चामड्याचा पुरवठा नेहमीच मर्यादित राहणार, आणि टिकाऊ जोडा एकदा घेऊन पुन्हा पुन्हा तळ बदलून वापरणे हाच त्या मर्यादेत बसणारा मार्ग आहे. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या, २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे नैतिक मूल्यही तिच्या दुरुस्तीयोग्य तळातच अधिक आहे.

आता पुन्हा देवळाच्या पायरीचा विचार करता येतो. पायरीशी जोडे काढण्याचा संकेत मोडावा, असे यातून निष्पन्न होत नाही. नम्रतेची ती एक सुंदर खूण आहे, आणि ती सर्वांवर सारखी लागू असल्यामुळे हातात जोडे घ्यायला लावणाऱ्या जुलमाहून वेगळी आहे. प्रश्न येतो तो तिच्या अपवादाचा. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेली आहे, अशा माणसांना डॉक्टर घरातसुद्धा अनवाणी चालू नका असे सांगतात, कारण वैशाखात तापलेल्या फरशीने आलेला फोड त्यांना कळत नाही आणि त्या फोडातून पाय गमवावा लागतो. अशी माणसे आज प्रत्येक गावात आहेत, त्यांतली पुष्कळशी वृद्ध आणि भाविक आहेत, आणि त्यांच्यापुढे पर्याय दोनच असतात: पाय धोक्यात घालणे किंवा बाहेरूनच हात जोडणे. पातिमोक्खात, म्हणजे भिक्षूंच्या मूळ नियमावलीत, जोडे घातलेल्या माणसाला धर्म सांगू नये असा नियम आहे, आणि त्याच वाक्यात तो आजारी नसेल तर, अशी अट आहे. इतक्या प्राचीन काळी ती अट एका शब्दाने घालता आली. कोकणातील देवस्थानांनी सभामंडपापुरत्या धुतलेल्या मऊ तळाच्या सपाता दाराशी ठेवल्या, वेगवेगळ्या मापांच्या ठेवल्या, आणि त्या मागणाऱ्याला कारण विचारले नाही, तर त्यासाठी कोणताही नवा धर्मविचार मांडावा लागणार नाही. आरवलीच्या गाभाऱ्यासमोर तो केव्हाचाच मांडलेला आहे.